गाडी येण्याआधी, गाडी गेल्यानंतर

बीड जिल्ह्यातला माणूस जन्मभर दोघांची वाट पाहतो, पावसाची आणि रेल्वेची. पाऊस लहरी असला तरी अधूनमधून तोंड दाखवून जातो. रेल्वेनं तेवढाही लहरीपणा केला नाही. ती पिढ्यान्‌पिढ्या एकनिष्ठपणे आली नाही. यावर परळीकर लगेच हरकत घेतील, की आमच्याकडं निजामाच्या काळापासून रेल्वे आहे. आहे बाबा. पण परळी जिल्ह्याच्या पूर्वेला आणि आमचं चौसाळा दक्षिणेला, बीडहून सोलापूरकडं जाणाऱ्या हमरस्त्यावर. परळीची रेल्वे म्हणजे आम्हाला शेजारच्या आळीतलं लग्न: वाजंत्री ऐकू येणार, पंगतीचं बोलावणं मात्र नाही.

अहमदनगर–बीड–परळी या २६१ किलोमीटरच्या मार्गाला मंजुरी मिळाली ती १९९५-९६ च्या सुमारास. योगायोग असा, की १९९५ सालीच भारतीय रेल्वेच्या ब्रॉडगेजवर नियमित धावणारं शेवटचं वाफेचं इंजिन निवृत्त झालं. तिकडं धूर संपला आणि इकडं धुरळा सुरू झाला. सर्वेक्षणाचा धुरळा, भूसंपादनाचा धुरळा, मोर्चांचा आणि निवडणुकांचा धुरळा. खर्चाचा अंदाज साडेतीनशे कोटींच्या घरातून निघाला आणि मधल्या कुठल्याही स्टेशनावर न थांबता चार हजार आठशे कोटींवर पोचला. या मार्गावर एवढ्या वेगानं धावलेलं दुसरं काही माझ्या माहितीत नाही. दर पाच वर्षांनी भाषणांतून गाडी इतक्या वेळा सुटायची, की रूळ असते तर झिजून गेले असते.

अशा मुलखातल्या माणसाला कुणी सांगितलं, की जगात एक देश असा आहे जिथं लोक बंद पडलेली रेल्वे सुट्टीच्या दिवशी, स्वतःच्या हातानं, वर पदरचे पैसे घालून चालवतात, तर त्याला काय वाटावं? मला सात्त्विक संताप आला. मी जावईबापूंना म्हणालो, "त्यांच्याकडं जास्तीची असंल तर बीडला पाठवा म्हणावं."

आमची लेक आणि जावईबापू बर्मिंगहॅमला असतात. जावईबापूंना रेल्वेचं वेड आहे. माणूस पुण्याचा असल्यामुळं त्याला लहानपणापासून रेल्वे फुकट पाहायला मिळाली, त्याचा हा परिणाम. त्यांनीच मला इतिहास सांगितला. १९६३ साली डॉ. बीचिंग नावाच्या साहेबानं अहवाल दिला, की सुमारे पाच हजार मैलांचे मार्ग आणि दोन हजारांहून जास्त स्टेशनं तोट्यात आहेत, ती बंद करा. त्यातली बरीचशी खरोखरच बंद झाली, हे ऐकून मी चष्मा काढून पुसला. अहवालानंतर अंमलबजावणी येते, हे मला नवीन होतं. आपल्याकडं अहवालानंतर उपसमिती येते. पण तिथल्या लोकांचा हट्टही मोठा. त्याच्या बारा वर्षं आधी, १९५१ मध्ये, वेल्समधली टॅलिलिन नावाची मरायला टेकलेली छोटी रेल्वे काही हौशी मंडळींनी हातात घेतली आणि चालवून दाखवली. मग साथच पसरली. आज त्या देशात शंभराहून जास्त ठिकाणी अशा जुन्या गाड्या धावतात. इंजिनं वाफेची, बहुतेक सगळी माणसं बिनपगारी.

नुसती गाडी धावून लोक किती वेळा येणार? म्हणून शनिवार-रविवारचे खास सोहळे असतात. डिसेंबरात सांताक्लॉज गाडीत बसून पोरांना खेळणी वाटतो. एखाद्या शनिवारी थॉमस नावाचं डोळे-तोंड असलेलं निळं इंजिन येतं आणि पोरं त्याला मिठी मारायला पळतात. कधी गाडीत जेवण वाढतात आणि जेवता जेवता खून होतो. खोटाच, पण खुनी कोण हे प्रवाशांनी पुडिंग संपायच्या आत ओळखायचं. आणि सगळ्यात गर्दीचा सोहळा म्हणजे १९४० च्या दशकाचा. बायका त्या काळचे झगे घालून, केसांचे त्या काळचे अंबाडे घालून येतात, बाप्ये सैनिकांचे गणवेश चढवतात, एखादा पोटाचा घेर जमलेला गृहस्थ सिगार घेऊन चर्चिल होतो, आणि फलाटावर दुसरं महायुद्ध अत्यंत आनंदात साजरं होतं.

हे ऐकून मला आमच्या चौसाळ्यात असा शनिवार-रविवार भरवावासा वाटला. साल अर्थातच १९७२. सगळ्यांनी ठिगळाचे कपडे घालून यायचं. प्रवेशद्वारावर टिकाव आणि घमेलं द्यायचं. दिवसभर रस्त्याच्या कडेला खडी फोडायची, मुकादमानं हजेरी घ्यायची, दुपारी सुकडी आणि संध्याकाळी मिलोची तांबडी भाकरी. फोटो काढायला टँकर उभा करायचा. तिकीट लावलं तर पुण्या-मुंबईची माणसं नक्की येतील. आमची मंडळी म्हणाली, "त्यात खास ते काय? मार्च उजाडला की टँकर तसाबी येतोयच." मुद्दा बिनतोड होता. दुष्काळाचा वारसा म्हणून सोहळा करायचा तर तो आधी संपावा लागतो.

तर आम्ही लेकीकडं गेलो असताना जावईबापूंनी आम्हाला उन्हाळ्याच्या अखेरीस वेल्समधल्या वेल्शपूल–लॅनफेअर या छोट्या रेल्वेच्या गालाला नेलं. गाला म्हणजे जत्राच. देवाच्या जागी इंजिन. आमच्या मंडळीनं पहाटे उठून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून घेतली होती. "रेल्वेचा प्रवास हाय, उपाशी जायाचं का?" या प्रश्नाला इंग्लंडात उत्तर नाही. वेल्शपूलच्या स्टेशनावर उतरलो आणि माझं लक्ष इंजिनाकडं न जाता रुळांकडं गेलं. मी वाकून पाहिलं, पावलानं माप घेतलं आणि जावईबापूंना विचारलं, "हे अडीच फूट हाय का?" जावईबापू चकित झाले. "बरोब्बर अडीच फूट, अण्णा! तुम्हाला कसं कळलं?"

कळणारच. याच मापाच्या रुळांवरून माझं बालपण गेलं. चौसाळ्याहून पंढरपूरला जायचं तर एसटीनं येडशीपर्यंत जायचं आणि तिथून बार्शी लाईट पकडायची. ही बार्शी लाईट एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअराची करामत. १८९७ साली बार्शी रोड, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीपासून बार्शीपर्यंत तिचा पहिला टप्पा सुरू झाला. पुढं ती १९११ मध्ये लातूरला पोचली, दुसऱ्या अंगाला पंढरपूर आणि १९२७ मध्ये मिरज. सव्वातीनशे किलोमीटरची वाट. कॅलथ्रॉपचं म्हणणं असं, की रूळ हलके असले तरी चालतात, डब्यांचं आणि इंजिनाचं वजन सगळ्या चाकांवर सारखं वाटा. एका आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार नको. हिशेब चोख होता. फक्त आषाढीला किती वारकरी छपरावर बसतील, हे त्याच्या हिशेबात असावं असं वाटत नाही. त्या दिवसांत मालाचे डबेसुद्धा माणसांनी भरून निघायचे. सांताक्लॉज नव्हता, पण पांडुरंग होता. आणि तो गाडीत येत नव्हता, गाडी त्याच्याकडं जात होती.

बार्शी लाईटचा वेग हा आमच्याकडं कौतुकाचा विषय. चढावर उतरून बाजूच्या रानातला हरभरा उपटायचा आणि पुढच्या वळणावर पुन्हा चढायचं, असं सांगणारे म्हातारे प्रत्येक गावात आहेत. सगळेच खरं बोलत असतील तर त्या पट्ट्यातला हरभरा पिकून खळ्यापर्यंत कधी गेलाच नसावा. याच कॅलथ्रॉपनं नंतर विमानातून उडी मारणाऱ्यांसाठी 'गार्डियन एंजल' नावाचं पॅराशूट तयार केलं. चालत्या वाहनातून माणसं बिनधास्त बाहेर पडतात, ही कल्पना त्याला बार्शीलाच सुचली असणार.

बार्शी लाईटचा प्रयोग इंग्लंडच्याही कामी आला. स्टॅफर्डशरमध्ये लीक–मॅनिफोल्ड नावाची याच मापाची रेल्वे कॅलथ्रॉपनं १९०४ मध्ये उभी केली. तिच्या इंजिनांना आपल्याकडच्यासारखा भला मोठा कंदील पुढं लावला होता. तिकडच्या रुळांवर ना म्हैस ना बैलगाडी. बिचारा कंदील कोणासाठी जळणार? ती रेल्वे १९३४ मध्ये बंद पडली आणि आज तिच्या वाटेवर लोक सायकली चालवतात.

वेल्शपूलच्या गाडीचं नशीब वेगळं. १९०३ साली ती सुरू झाली तेव्हाची मँचेस्टरमध्ये बनलेली 'अर्ल' आणि 'काउंटेस' ही दोन इंजिनं अजून तिच्याकडं आहेत. बाकी ताफा म्हणजे आंतरराष्ट्रीय वृद्धाश्रम. डबे ऑस्ट्रियाचे, एक इंजिन सिएरा लिओनचं आणि 'जोन' नावाचं एक इंजिन थेट अँटिग्वा बेटावरच्या साखर कारखान्यातलं. जन्मभर ऊस वाहून थकलेलं ते इंजिन लोकांनी समुद्रापार आणलं, तेलपाणी केलं, रंग दिला आणि आता सगळे त्याची विचारपूस करतात. आमच्या चौसाळ्याच्या आसपासची निम्मी गावं दर दिवाळीनंतर ऊस तोडायला जातात. ऊस वाहणाऱ्या इंजिनाची म्हातारपणी एवढी सोय लागते हे मी गावी सांगितलं, तेव्हा एक मुकादम बराच वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "गुरुजी, पुढच्या जन्मी इंजिनच व्हावं."

फलाटावरचं दृश्य मोठं होतं. गळ्यात वावभर कॅमेरे घातलेले गृहस्थ गंभीरपणे उभे होते. इंजिनानं फुस्स केलं की सगळे एकदम क्लिक करायचे. काही जण वहीत इंजिनांचे नंबर लिहीत होते. मी विचारलं, "या नंबरांचं पुढं काय करतात?" जावईबापू म्हणाले, "जुन्या नंबरांशी ताडून पाहतात." "आणि जुळले तर?" "तर आनंद होतो." मी तीस वर्षं शाळेत हजेरी घेतली, रोज नंबर ताडून पाहिले, पण इतका शुद्ध आनंद मला कधी झाला नाही.

खरी गंमत काम करणाऱ्यांची. फायरमन कोळशानं माखलेला, घामानं निथळलेला. मला वाटलं, गरीब माणूस दिसतो, रविवारीसुद्धा राबतोय. चौकशीअंती कळलं, की तो निवृत्त बँक अधिकारी आहे, पगार घेत नाही आणि उलट संस्थेची वर्गणी भरून सभासद झालाय. इंजिनाच्या पोटात वाफ तयार व्हायला तीन-चार तास लागतात, म्हणून तो पहाटे अंधारात येऊन आग पेटवतो. गार्ड माजी शिक्षक. तिकीट तपासणाऱ्या बाई माजी परिचारिका. आमच्याकडं निवृत्त माणूस पारावर बसून सरकार चालवतो. तिथला निवृत्त माणूस रेल्वे चालवतो. फरक एवढाच, की त्याची गाडी पुढं सरकते. आणि काही ठिकाणी म्हणे हौशी माणसाला पैसे घेऊन इंजिन चालवू देतात! आपल्याकडं चालकाच्या केबिनमध्ये फुकट बसणारे लोक एसटीत पाहिले होते. पैसे देऊन कोळसा टाकणारे मी पहिल्यांदा पाहिले.

कोळशाचीही कथा आहे. वेल्स म्हणजे एके काळी जगाला कोळसा पुरवणारा मुलूख. तिथली शेवटची मोठी उघडी खाण २०२३ च्या अखेरीस थांबली आणि आता वारसा जपणाऱ्या या गाड्यांना परदेशी कोळशाची वाट पाहावी लागते. परंपरा स्वदेशी आणि धूर परदेशी, अशी अवस्था.

आमच्या मंडळीनं त्या निवृत्त बँक अधिकाऱ्याला कुंथलगिरीचा पेढा दिला. चौसाळ्याहून बाहेर पडणाऱ्या माणसानं वाटेत सरमकुंडी फाट्यावरून पेढा न घेता पुढं जायचं, हे आमच्याकडं बसत नाही. मग मुक्काम पंढरपूर असो नाहीतर परदेश. त्यानं काळ्या बोटांनी पेढा उचलला, चाखला आणि डोळे मिटले. मंडळीनं मला हळूच सांगितलं, "त्याला म्हणावं, हात धू आधी."

शिट्टी झाली, गाडी हलली. साडेआठ मैलांचा मार्ग, म्हणजे चौदा किलोमीटरसुद्धा नाही. सुरुवातीलाच गोल्फा नावाचा खडा चढ आहे. इंजिन धापा टाकू लागलं, धुराचे लोट उठले आणि डब्यातली समस्त गोरी मंडळी खिडकीबाहेर डोकी काढून तो धूर नाकात घेऊ लागली. आमच्या लहानपणी डोळ्यांत कोळशाचा कण गेला, की आई पदराचा बोळा करून, त्यावर फुंकर घालून डोळा शेकायची आणि वर एक धपाटा द्यायची. इथं कण गेलेला माणूस शेजाऱ्याला अभिमानानं डोळा दाखवत होता.

मेंढ्या, हिरवी कुरणं, ओढा, छोटी छोटी स्टेशनं. लॅनफेअर आलं. चहा झाला, दशम्या सुटल्या, समोरच्या बाकावरच्या आजींनी चटणीची चव घेतली आणि पुढचा अर्धा तास पाणी पिण्यात घालवला. मग शिट्टी झाली आणि सगळे पुन्हा गाडीत बसू लागले. मंडळीला शंका आली. "अवो, आता ही गाडी कुठं चालली?"

"परत वेल्शपूलला."

"म्हंजी जिथनं बसलो तिथंच?"

"हो."

"मग आलो कशाला?"

जावईबापूंनी प्रवासाचा आनंद, वाफेच्या युगाचं तंत्रज्ञान, सामूहिक स्मृती वगैरे बरंच समजावलं. मंडळी नम्रपणे ऐकत होती. शेवटी म्हणाली, "एवढे पैसे घालून बसल्याजागीच यायचं, तर मी आपली घरीच बसते." यावर ब्रिटनमधल्या कुठल्याही वारसा रेल्वेकडं उत्तर असेल असं मला वाटत नाही.

येताना फलक वाचत होतो, तेव्हा या गाडीचा खरा इतिहास कळला. ती बंद का पडली? तर माणसं बसेनात म्हणून. रस्ता चांगला झाला, बस आली, बस दारात थांबायची. शेवटी रेल्वे कंपनीनंच आपली बस सुरू केली आणि १९३१ मध्ये प्रवासी गाडी बंद केली. पुढं पंचवीस वर्षं मालगाडी रखडत चालली, १९५६ ला तीही थांबली. मग सगळ्यांना तिची आठवण येऊ लागली आणि १९६३ मध्ये हौशी लोकांनी ती पुन्हा सुरू केली. म्हणजे ज्यांच्या आजोबांनी तिकीट न काढून गाडी मारली, त्यांचेच नातू आज दुप्पट तिकीट काढून तिचा धूर हुंगतात. आमच्या बार्शी लाईटचंही वेगळं काय झालं? एसटी आली, काळीपिवळी आली, आणि या शतकाच्या सुरुवातीला टप्प्याटप्प्यानं तिचे रूळ निघून ब्रॉडगेज आली. ती धावत होती तोवर लोक तिला शिव्या घालायचे. आता तिच्या आठवणी काढताना त्यांचेच गळे दाटून येतात.

गावी परतलो आणि काही काळानं चमत्कार झाला. १७ सप्टेंबर २०२५, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, बीडहून अहिल्यानगरला, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरला, खरोखरची रेल्वे सुटली. फुलं, ढोल, घोषणा, सेल्फी. पासष्टी ओलांडलेली माणसं डब्याला हात लावून पाहत होती, खरा आहे का म्हणून. नेमकं वेल्शपूलच्या फलाटावरचं दृश्य! फक्त तिकडं गेलेल्या गाडीचं कौतुक आणि इकडं आलेल्या गाडीचं. मला वाटलं, संपला आमचा वनवास.

मग आमच्या पारावर विषय निघाला. रेल्वेसाठी प्रत्येक आंदोलनात पुढं असणारे, रुमाल टाकून रस्त्यावर बसणारे आमचे एक आबा आहेत. मी विचारलं, "आबा, बसलाव का रेल्वेत?"

"न्हाई बा."

"का?"

"नगरला जायला साडेपाच तास घेती ती. मी माझ्या गाडीनं तीन तासात जातो."

"मग एवढी वर्षं आंदोलन कशाला केलं?"

"अरे, रेल्वे पाहिजेच की! जिल्ह्याला रेल्वे नको व्हय?"

आबांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. चौसाळ्याहून आधी बीडला जायचं आणि मग गाडी गाठायची, हा द्राविडी प्राणायामच आहे. पण बसल्याजागी परत यायला साडेआठ मैल कोळसा खाणारे लोक पाहून आलेल्या मला आबांचं बोलणं एका खास रांगेत बसवता आलं. रेल्वेवर माणसाचं प्रेम दोनदाच उतू जातं: ती यायच्या आधी आणि ती गेल्यानंतर. मधल्या काळात, जेव्हा ती बिचारी रोज वेळेवर फलाटावर येऊन उभी राहते, तेव्हा आपण तिच्याकडं पाठ करून चारचाकीचा आरसा पुसत असतो.

म्हणून मी एका साध्या दिवशी बीडच्या स्टेशनावर गेलो. रांगेत उभं राहून तिकीट काढलं आणि राजुरी, विघनवाडी, अमळनेर, आष्टी, कडा करत नगरला पोचलो. मंडळी यावेळी खूश होती, कारण गाडी जिथून निघाली तिथून खरोखर दुसरीकडं गेली. डोंगर, पूल. खिडकीतून आपला जिल्हा असा दिसतो हे मला या वयात कळलं. वेल्सच्या गाडीपेक्षा हिचा वेग दुपटीच्या आसपास आणि तिकीट तिथल्या चहाच्या कपापेक्षा स्वस्त. धूर नव्हता, एवढीच काय ती उणीव.

तेव्हा बीड, आष्टी, शिरूर आणि चौसाळ्याच्या समस्त रेल्वेप्रेमींना हात जोडून विनंती आहे. ज्यांनी मोर्चे काढले, निवेदनं दिली, उपोषणं केली, त्यांनी आता महिन्यातून एकदा घरच्यांना घेऊन गाडीत बसावं आणि तिकीट काढून बसावं. बीडपासून परळीपर्यंतचे राहिलेले रूळही भरल्या गाड्या पाहूनच लवकर सरकतील. गाडी चालू आहे तोवरच बसून घ्या. ती बंद पडल्यावर पहाटे उठून आपल्या खर्चानं कोळसा टाकणारे निवृत्त बँक अधिकारी बीड जिल्ह्यात मिळणार नाहीत.